वाळूत दाबलेली, वाळूत ओतलेली माती: सारखे विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गच्चीवरच्या एका पत्र्याच्या खोलीत माझी मातीकामाची चाक-भट्टी आहे आणि गेली काही वर्षं मी तिथे वाळूच्या साच्यांवर प्रयोग करतेय. बघायला येणारे लोक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, मग प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढलं. एक गोष्ट आधीच सांगते कारण ती पुढे सारखी येणार आहे, की प्लास्टरचा साचा काम झालं की बाजूला होतो, वाळू तशी होत नाही. तिचे थोडे कण भांड्याला चिकटतात आणि भांड्याबरोबर भट्टीत जातात. त्यामुळे वाळू घेताना ती साचा म्हणून कशी आहे एवढंच बघून चालत नाही, ती भाजल्यावर काय करेल हेही माहीत पाहिजे.

सँड कास्टिंग म्हणजे ते पितळ-लोखंड ओततात तेच ना? मातीत कसं काय करणार?

नाव तेच आहे, आणि आपल्याकडे ओतारी लोक किंवा कोल्हापूरच्या फाउंड्र्या जे करतात त्याच्याशी नातंही आहे, पण काम उलटं आहे. फाउंड्रीत वितळलेला धातू येतो त्यामुळे तिथे वाळूने ताप सोसणं महत्त्वाचं. आपल्याकडे साच्यात येते ती थंड आणि ओली माती, त्यामुळे साच्यात ताप सोसायचा प्रश्नच नाही. आपल्या वाळूला तीन कामं करायची असतात, आकार धरून ठेवायचा, मातीतलं पाणी थोडं ओढून घ्यायचं आणि माती आकसायला लागली की तिला सोडायचं. हे तिसरं काम वाळू इतकं छान करते की त्यासाठीच मी तिच्याकडे वळले.

यात प्रकार किती आहेत?

मी तीन करते. पहिला म्हणजे ओल्या वाळूत खड्डा किंवा ठसा करायचा आणि त्यात मातीची लाटलेली पोळी, म्हणजे स्लॅब, दाबून बसवायची. दुसरा म्हणजे त्याच खड्ड्यात पातळ माती, म्हणजे स्लिप, ओतायची. तिसरा म्हणजे वाळूत आधी प्लास्टर ओतून त्याचा साचा करायचा आणि मग त्या प्लास्टरवर माती दाबायची. नवीन माणसाने पहिल्यापासूनच सुरू करावं असं माझं ठाम मत आहे, कारण स्लिप ओतणं दिसायला सोपं दिसतं पण त्यात बिघडण्यासारखं खूप असतं.

असं आधी कोणी करत होतं का, की हे स्टुडिओवाल्यांचंच फॅड आहे?

अहो माती आणि वाळू तर कायमच एकत्र राहिल्यात. वीटभट्टीवर हाताने वीट थापताना बघा, लाकडी साच्याला आतून वाळू मारतात म्हणजे वीट अलगद सुटते, आणि त्या विटेच्या अंगावर वाळूचा जो खरखरीत थर दिसतो तो तिथूनच येतो. जयपूरच्या ब्लू पॉटरीत तर आणखी मजेशीर आहे, तिथे नेहमीची माती नसतेच, क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक असा गोळा मळतात, तो चपातीसारखा लाटून साच्यात ठेवतात आणि वरून बारीक बजरी आणि राख भरून दाबतात म्हणजे ती चपाती साच्याला बरोबर चिकटून बसते. म्हणजे आपण वाळू खाली ठेवतो, ते वरून भरतात. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हाच डोक्यात आलं की वाळू मातीला हळुवार दाबायलाही उपयोगी आहे, आणि आता खोल वाडग्यांसाठी मी ते वापरते, स्लॅब बसवला की वर सुती कापड आणि त्यात कोरडी वाळू भरून रात्रभर ठेवते.

प्लास्टरचा साचा असताना वाळूत कशाला मरायचं?

शंभर सारखे कप पाहिजे असतील तर प्लास्टरच घ्या, वाळूच्या वाटेला जाऊ नका. वाळूचा साचा एकदाच वापरता येतो, वस्तू काढली की साचा मोडला. पण तुम्हाला एकच मोठी वाकडीतिकडी थाळी करायची आहे, किंवा भिंतीवर लावायला दहा टाइल आणि दहाही वेगळ्या, तर वाळूत पंधरा मिनिटांत साचा तयार होतो आणि नाही आवडला तर हाताने पुसून परत करता येतो, हे प्लास्टरमध्ये शक्यच नाही. शिवाय पृष्ठभाग. वाळूतून निघालेल्या मातीवर जो पोत येतो, नदीकाठच्या ओल्या वाळूवर पाण्याने रेघा ओढलेल्या असतात तसा, तो ब्रशने किंवा टूलने कितीही प्रयत्न करा, येत नाही. उलट बारीक नक्षी, पातळ रेषा, धारदार कडा हे वाळूत उतरत नाही कारण वाळूचा कण जेवढा मोठा तेवढीच बारीक रेघ तुम्हाला मिळणार. म्हणून मी वाळूत डिझाइन करताना मोठे, जाड, सरळ आकार घेते.

वाळू कुठली घ्यायची?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर नीट वाचा.

नदीची वाळू आपल्याकडे बांधकामवाल्यांकडून मिळते. आपल्या दख्खनच्या नद्यांची वाळू म्हणजे काळ्या दगडाचा, बसाल्टचा चुरा, त्यात गारगोटीचे पांढरे खडे, आणि बऱ्याचदा चुनखडीचे बारीक खडेही. ही चुनखडी म्हणजे मातीकामातली जुनी डोकेदुखी, माती वेचताना कुंभार ती काढून टाकतात ते उगाच नाही, कारण पुढच्या उत्तरात सांगते.

क्रश सँड म्हणजे दगड मशीनमध्ये फोडून केलेली वाळू, आता बांधकामावर बहुतेक तीच दिसते. तिचे कण कोनदार असतात त्यामुळे साचा मस्त उभा राहतो, पण तिच्यात दगडाची पूड खूप असते, ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन काढावी लागते नाहीतर मातीवर राखाडी लगदा बसतो. आणि लक्षात ठेवा की ही वाळू बसाल्ट आहे. १००० अंशांपर्यंत भाजलं तर कण जसाच्या तसा राहतो, फक्त रंग तांबूस होतो, पण स्टोनवेअरला म्हणजे १२२० च्या आसपास गेलात तर बसाल्ट वितळायला लागतो आणि कणाच्या जागी तपकिरी-काळा काचेसारखा ठिपका येतो. मला तो ठिपका फार आवडतो. माझ्या भिंतीवरच्या टाइल याच वाळूतल्या आहेत आणि त्यांच्यावर मी ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावतच नाही, बसाल्टच ग्लेझचं काम करतो.

सिलिका वाळू म्हणजे जवळजवळ शुद्ध गारगोटी, पांढरट, एकसारख्या कणांची. आपल्या सिंधुदुर्गात कासार्डे भागात तिच्या खाणी आहेत, आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात तीही हीच, त्यामुळे फिल्टरचं सामान विकणाऱ्याकडे वेगवेगळ्या जाडीत मिळते. नवीन माणसाला मी हीच सांगते. महाग आहे पण हिच्यात चुना नसतो, मीठ नसतं, आणि भट्टीत ती काय करेल ते आधीच सांगता येतं.

फाउंड्रीत वापरलेली वाळू फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिच्यात कोळशाची पूड असते, कधी केमिकलचा बाइंडर असतो, धातूचे कण असतात, आणि हे सगळं तुमच्या भट्टीत धूर होऊन बाहेर येणार.

कणांची जाडी म्हणाल तर मी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक घेते. घरातली कणकेची चाळणी एकदा आणि मग चहाची गाळणी, दोन्हीत चाळून बघा, गाळणीतून पडलेली वाळू वरच्या थराला आणि चाळणीतून पडलेली खाली भरायला.

कोकणातून समुद्राची वाळू आणलीय, चालेल?

नको. मी हे अनुभवाने सांगतेय. सुरुवातीला मी एका किनाऱ्यावरच्या वाळूत सहा थाळ्या केल्या होत्या, टेराकोटाच्या, १००० ला भाजलेल्या, भट्टीतून काढल्या तेव्हा इतक्या सुंदर होत्या की मी त्यातल्या दोन मैत्रिणीला भेट दिल्या. साधारण दोन आठवड्यांनी, पावसाळा सुरू झाला तसं, थाळ्यांच्या अंगावरून टिकलीएवढे तुकडे उडायला लागले आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. मैत्रिणीच्या पण तशाच. सहाच्या सहा गेल्या.

कारण असं की किनाऱ्याच्या वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ८०० च्या वर गेल्यावर त्याचा कळीचा चुना होतो. थंड झाल्यावर तो कळीचा चुना हवेतलं पाणी ओढतो, विरतो, विरताना फुगतो आणि वरची माती उडवून देतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की कसा फुगतो ते जुन्या लोकांनी बघितलेलं असतं, तेच तुमच्या थाळीत घडतं पण हळूहळू. नदीच्या वाळूतल्या चुनखडीचंही हेच.

दुसरी गोष्ट मीठ. वाळूतलं मीठ ओल्या मातीत शिरतं आणि वाळताना पृष्ठभागावर पांढरी साय येते, भाजल्यावर ती जात नाही. पाच-सहा वेळा धुतली तर मीठ निघेल पण शिंपले निघणार नाहीत. तिसरं म्हणजे किनाऱ्यावरून वाळू उपसून आणणं सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी जपण्यासाठी केलेल्या, नियमात बसत नाही, आणि नियम बाजूला ठेवला तरी आपल्या किनाऱ्यांची जी अवस्था झालीय ती बघता तिथली वाळू तिथेच राहू द्यावी असं मला मनापासून वाटतं.

रत्नागिरीजवळच्या काही किनाऱ्यांवर जी काळी चकचकीत वाळू दिसते तिच्यात इल्मेनाइट असतं, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. कुंभारकामात दाणेदार इल्मेनाइट मातीत मुद्दाम घालतात, भाजल्यावर गडद ठिपके यावेत म्हणून. तसे ठिपके हवे असतील तर ते सिरॅमिकचं सामान विकणाऱ्याकडून घ्या आणि सिलिका वाळूच्या वरच्या थरात चिमूटभर पसरा.

वाळूत चुना आहे की नाही हे घरी कसं कळणार?

वाटीत दोन चमचे वाळू घ्या, वर व्हिनेगर ओता, वाटी कानाजवळ धरा. बुडबुडे किंवा बारीक फसफस ऐकू आली की चुना आहे. लिंबाच्या रसानेही होतं पण व्हिनेगरने जास्त स्पष्ट कळतं. एवढं झालं की त्याच वाळूचा एक नमुना करा, तळहाताएवढी टाइल, भाजा, आणि महिनाभर न्हाणीघरात ठेवून द्या, दमट जागेत. तिथे टिकली तर ती वाळू वापरा. सहा थाळ्या गेल्यापासून मी प्रत्येक नवीन पोत्याची अशी टाइल करते आणि मागे तारीख कोरते.

चुन्याची वाळू वापरून झालीय आणि भांडी बिस्क झालीत, म्हणजे ग्लेझच्या आधीचं पहिलं भाजणं झालंय, आता काही करता येईल?

भट्टीतून काढल्या काढल्या, अजून थोडी कोमट असतानाच, पाण्यात बुडवून ठेवा. विटांच्या धंद्यात हा जुना उपाय आहे. चुना एकदम पाण्यात विरला तर बऱ्याचदा फुगायच्या आधी वाहून जातो. कण अगदी बारीक असतील तर वाचतात, मोठे असतील तर नाही.

वाळूत पाणी किती घालायचं?

दिवाळीत किल्ला केलाय ना? मग हाताला माहीत आहे. कोरडी वाळू ढासळते, पाणी जास्त झालं तर लोळते, आणि मधे एक असा ओलावा असतो की बुरुज उभा राहतो. तो उभा राहतो कारण दोन कणांच्या मधे पाण्याचा जो बारीकसा थेंब असतो तो दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढतो, आणि जागा पूर्ण पाण्याने भरली की ती ओढ संपते. मी १० किलो कोरड्या सिलिका वाळूला ६०० ते ८०० मिली पाणी घेते, शिंपडत, हाताने चोळत. मग मुठीत दाबून बघायचं, लाडू वळला गेला पाहिजे आणि मधोमध मोडल्यावर दोन सरळ तुकडे व्हायला पाहिजेत, बोटांवर पाणी दिसायला नको. ओली केलेली वाळू झाकून रात्रभर ठेवली तर ओलावा सगळीकडे सारखा होतो, हे कणीक मळून ठेवण्यासारखंच आहे.

साचा फारच ढासळत असेल तर वाळूत शेकडा ५ पर्यंत बेंटोनाइट मिसळा. फाउंड्रीवाले ज्याला ग्रीन सँड म्हणतात तिच्यात हेच असतं, आणि ग्रीन म्हणजे हिरवी नाही हं, ओली, न भाजलेली असा अर्थ. बेंटोनाइट ही मातीच असल्यामुळे भट्टीत त्रास नाही, फक्त अशी वाळू पाणी हळू ओढते, म्हणून स्लिप ओतायला मी ती वापरत नाही.

पेटी केवढी पाहिजे?

लहान. ६० बाय ४५ सेंटीमीटरची १५ सेंटीमीटर खोल पेटी वाळूने भरली की ६५ किलोच्या आसपास वजन होतं, मग ती टेबलावरून हलवायला दोन माणसं लागतात. ४० बाय ३० बाय १२ ची केली तर तेवीस-एक किलो. मी जुन्या फळांच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये आतून जाड कापड लावून वापरते, जाळीतून हवा जाते म्हणून वाळू लवकर सुकते आणि पेटीचा खर्च शून्य.

स्लॅबची पद्धत सविस्तर सांगा ना.

वाळू पेटीत भरून लाकडाच्या ठोकळ्याने ठोकायची, प्रत्येक चार बोटं थराला एकदा, फक्त वरून ठोकली तर आत पोकळ राहते. मग आकार करायचा, चमच्याने उकरून, मुठीने दाबून, नारळाची करवंटी, दोरी, वरवंटा, कोबीचं पान, काहीही दाबून. लक्षात ठेवा की सगळं उलटं येतं, वाळूत खोल ते भांड्यावर उठून दिसणार, आणि अक्षरं कोरायची असतील तर आरशातल्यासारखी कोरायला लागतात, देवनागरीत शिरोरेषेमुळे गोंधळ कमी होतो पण 'प' आणि 'ष'ची दिशा चुकतेच, आधी ट्रेसिंग पेपरवर लिहून पालथा ठेवा.

आता स्लॅब, ८ ते १० मिलिमीटर जाड. पातळ घेऊ नका. तो कापडावर लाटा, कापडासकट उचला, वाळूवर पालथा करा आणि कापड काढा. मग मधून कडेकडे, ओल्या स्पंजने किंवा वाळू भरलेल्या छोट्या पुरचुंडीने थोपटत बसवा. बोटाने दाबू नका, बोटाची खूण तर राहतेच आणि खालची वाळू सरकते. चाकूने कडा कापा आणि सोडून द्या. माझ्याकडे उन्हाळ्यात पाच-सहा तासांत आणि थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी माती एवढी घट्ट होते की वर फळी ठेवून पेटी उलटी करता येते. वाळू खाली पडते, थाळी फळीवर राहते. हा क्षण मला अजूनही पहिल्या दिवसासारखा वाटतो, कारण तोपर्यंत खालची बाजू तुम्ही बघितलेलीच नसते.

स्लिप ओतायची तर?

स्लिप दाट पण वाहणारी पाहिजे, म्हणजे पाणी कमी आणि सोडियम सिलिकेट घालून सैल केलेली, कोरड्या मातीच्या शेकडा अर्धा भाग किंवा त्याहून कमी सोडियम सिलिकेट पुरतं. नुसतं पाणी घालून पातळ केलेली स्लिप वाळूत चालत नाही, तिचं पाणी साच्यात जातं, वाळू लोळते आणि भिंत खाली बसते. वाळू आधीच ओली असल्यामुळे ती प्लास्टरएवढं पाणी ओढू शकत नाही. प्लास्टरमध्ये पंधरा-वीस मिनिटांत जी जाडी मिळते तिला माझ्या वाळूत दीड-दोन तास लागतात.

ओताना थेट धार सोडली की तळाला खड्डा पडतो आणि वाळू स्लिपमध्ये मिसळते. म्हणून मी आधी सॉसच्या बाटलीतून साच्याच्या भिंतीवर स्लिपचा पातळ थर सोडते, तो अर्धा तास बसू देते, मग चमचा उलटा धरून त्याच्यावरून बाकीची ओतते. खोली दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त ठेवत नाही. जादा स्लिप काढायला पेटी उलटी करता येत नाही, सगळंच बाहेर येईल, त्यामुळे मोठी सिरिंज किंवा रबरी फुगा असलेली पिचकारी घेऊन वरून ओढून घ्यायची. आणि हो, स्लिपच्या वस्तू पहिल्यांदा करताना निम्म्या तरी जातील हे धरून चाला, दोन सारखे साचे तयार ठेवा.

तडे का जातात?

बहुतेक वेळा वाळूत वर उठलेल्या भागामुळे. माती वाळताना शेकडा ५ ते ७ आकसते. साचा खड्ड्याचा असेल तर ती आकसून साच्यापासून सुटते, काही बिघडत नाही. पण मधे वाळूचा उंचवटा असेल तर माती त्याच्याभोवती आवळली जाते, आणि काहीतरी हलायला पाहिजे, एकतर वाळू नाहीतर माती. प्लास्टरच्या उंचवट्यावर मातीच फाटते. वाळूत तुम्हाला संधी असते, उंचवट्याच्या खालून बोट घालून किंवा काडीने वाळू मोकळी करून ठेवायची, माती आकसेल तशी ती आत ढासळते आणि वाट देते. क्रेट वापरायचं दुसरं कारण हेच, बाजूचं कापड सरकवून वाळू सैल करता येते.

बाकी तडे नेहमीचेच, कडा आधी वाळल्या आणि मधला भाग ओला राहिला. कडांवर प्लास्टिकची पट्टी ठेवा.

पावसाळ्यात करावं का?

जुलैत माझी थाळी वाळूत चार दिवस ओलीच होती आणि पाचव्या दिवशी बुरशी आली. पावसाळ्यात मी फक्त स्लॅब करते आणि वाळू कमी ओली घेते, स्लिपचं काम दसऱ्यानंतर.

चिकटलेली वाळू काढायची की ठेवायची?

आधी ठरवा आणि त्याप्रमाणे वेळ साधा. माती घट्ट झाली पण ओलसर आहे तेव्हा ब्रश मारला तर कण मातीत आणखी रुततात. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने सैल कण पडतात, तेवढे पाडायचेच, कारण सैल वाळूवर ग्लेझ बसत नाही, वितळताना गोळा होऊन बाजूला सरकतो आणि उघडी जागा राहते. घट्ट बसलेले कण राहू द्या. बिस्क झाल्यावर कार्बोरंडमच्या दगडाने हलकं घासलं, पाण्यात, तर हाताला टोचत नाही आणि पोतही राहतो.

भट्टीत वेगळं काही करावं लागतं का?

हो, दोन गोष्टी. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतं आणि थंड होताना त्याच तापमानाला एकदम आकसतं. मातीत रुतलेल्या प्रत्येक कणाचं हे होतं, त्यामुळे ५०० ते ६५० च्या मधे भट्टी हळू चालवा, वर जातानाही आणि खाली येतानाही. मोठे कण, म्हणजे ज्वारीएवढे, नेमके इथेच सुटून पडतात.

दुसरं म्हणजे वाळू एलिमेंटवर पडू देऊ नका. इलेक्ट्रिक भट्टीच्या तारेवर गरम असताना सिलिका बसली की तारेवरचा संरक्षक थर खाल्ला जातो आणि तार तिथेच तुटते. म्हणून वाळूतल्या वस्तू सगळ्यात खालच्या शेल्फवर, ग्लेझ केलेल्या भांड्यांच्या वर कधीच नाही. मोठ्या जड थाळीखाली मात्र शेल्फवर मुद्दाम वाळूचा पातळ थर देते, आकसताना थाळी त्या कणांवरून घरंगळते आणि तळाला ताण येत नाही, फक्त तो थर शेल्फच्या कडेपासून चार बोटं आत थांबवायचा.

या थाळीत जेवता येईल?

वाळू लागते ती बाहेरच्या, खालच्या बाजूला. आतली बाजू तुम्ही स्पंजने गुळगुळीत केलेली असते, तिथे चांगला बसलेला, अन्नाला चालणारा ग्लेझ लावला की हरकत नाही. स्लिपमध्ये वाळू मिसळली गेली असेल आणि आतून खरखर लागत असेल तर ती वस्तू भिंतीवर लावा. तळाला मात्र नीट घासा, नाहीतर टेबलावर ओरखडे पडतात.

धुळीचं काय? घरात लहान मुलं आहेत.

ओल्या वाळूशी खेळू द्या, खुशाल. धोका बारीक धुळीचा आहे, डोळ्याला न दिसणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्यातून सिलिकोसिस होतो, आणि झालेला आजार बरा होत नाही. म्हणून कोरडी वाळू मी गच्चीवर उघड्यावर चाळते, एन-९५ मास्क लावून, आणि मुलं जवळ नसताना. खोलीत झाडू मारत नाही, ओल्या फडक्याने पुसते. वाळूवर फुंकर मारून खड्डा साफ करायची सवय असेल तर आजच सोडा, मऊ ब्रश वापरा.

प्लास्टर वाळूत ओतायचं ते कसं? आणि त्याचा फायदा काय?

या पद्धतीचं नाव निघालं की मला कोस्तान्तिनो निवोला आठवतात. सार्डिनिया बेटावर १९११ मध्ये जन्मलेले शिल्पकार, पुढे अमेरिकेत लाँग आयलंडवर राहायला गेले आणि तिथे किनाऱ्यावर मुलांबरोबर वाळूत खेळता खेळता त्यांना हे सापडलं. ओल्या वाळूत उलटं शिल्प कोरायचं आणि त्यात प्लास्टर ओतायचं, वर वाळूचा थर चिकटून येतो तो तसाच ठेवायचा. न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर ऑलिवेटी टाइपरायटर कंपनीची शोरूम १९५४ मध्ये उघडली, तिथली अख्खी भिंत त्यांनी अशी केली होती, आणि ती भिंत आता हार्वर्ड विद्यापीठात आहे. फोटोत त्या आकृत्या बघा, एकही बारीक रेघ नाही, सगळं मोठं आणि ठसठशीत, वाळूला काय जमतं हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं.

आपल्यासाठी फायदा असा की वाळूचा पोत प्लास्टरमध्ये उतरतो आणि मग त्या प्लास्टरवर माती दाबून दहा-वीस टाइल काढता येतात, म्हणजे वाळूचा एकदाच वापरायचा अवगुण जातो. १०० भाग प्लास्टरला ७० भाग पाणी, वजनाने. मोल्डिंगचं प्लास्टर घ्या, छताचं पीओपी फार लवकर घट्ट होतं. सुकल्यावर वाळू घासून पूर्ण काढा. आणि या कामाची वाळू वेगळ्या डब्यात, वेगळ्या नावाने, कारण प्लास्टरचा तुकडा मातीत गेला की तो भाजल्यावर चुन्यासारखाच फुटतो.

शाडूच्या मातीवर सराव केला तर?

साचा आणि दाबण्याचा हात बसवायला चांगली, मऊ असते, ठसा सुंदर घेते. पण मूर्तीसाठीची शाडू न भाजता वापरायची म्हणून विकली जाते, त्यामुळे सराव झाला की पाण्यात भिजवून परत गोळा करा, भट्टीत घालू नका.

वाळू परत वापरता येते का?

दहा-बारा वेळा तरी. पण प्रत्येक वेळी तिच्यात थोडी माती मिसळते, आणि मातीचं प्रमाण वाढलं की वाळू पाणी ओढेनाशी होते आणि स्लॅबला घट्ट चिकटते. तसं व्हायला लागलं की बादलीत घाला, पाणी ओता, हाताने ढवळा, दहा सेकंद थांबा, वाळू खाली बसते आणि गढूळ पाणी वर राहतं, ते हळूच दुसऱ्या बादलीत काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत करा. ते गढूळ पाणी मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. रात्रभर ठेवलं की तळाला जो गाळ बसतो ती माझी सगळ्यात आवडती स्लिप आहे, तिच्यात आधीच्या सगळ्या भांड्यांची माती असते, आणि पुढच्या पेटीत पहिला थर मी तिचाच देते.